बेंडिंगला मायनस किती धरायचं? प्रेस ब्रेकवर बेंड डिडक्शन काढायची पद्धत, पट्टीपासून बॅकगेजपर्यंत

काही वर्षांपूर्वी भोसरीत आम्ही प्रेस ब्रेकवर (पंच आणि डायमधे दाबून पत्रा वाकवायचं मशीन) इलेक्ट्रिकल पॅनलचे दरवाजे करत होतो. २ एमएम सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्रा, बाहेरून रुंदी ५९६, कडेला २० ची फ्लँज (काटकोनात वाकवलेली कड) आणि तिच्या आत १२ चं रिटर्न (परत आत वळवलेली कड), म्हणजे रुंदीच्या दिशेनं चार बेंड. ड्रॉइंग करणाऱ्या पोरानं रेडियस २ आणि के फॅक्टर (हा काय ते पुढे सांगतो) ०.४४ धरला होता, त्यातून बेंडमागे मायनस, म्हणजे फ्लॅट काढताना वजा करायचा आकडा, आलं ३.४८, मग १२+२०+५९६+२०+१२ म्हणजे ६६० मधून चार बेंडचे १३.९२ गेले आणि ब्लँक (वाकवायच्या आधीचा कापलेला सपाट पत्रा) निघाला ६४६.०८. चाळीस ब्लँक लेझरवर एकदम कापून आले. पहिला दरवाजा वाकवला आणि टेप लावली तर ५९७ च्या वरच. व्हर्नियर लावला तर ५९७.१.

फ्लँज बरोबर २० च्या, रिटर्न १२ चं, गुण्या लावून बघितला तर काटकोनही व्यवस्थित, फक्त रुंदी १.१ नं जास्त. शोधल्यावर कळलं की डिझाइनवाल्यानं व्ही १२ च्या डायचा (१२ एमएम रुंद व्ही खाचेचा खालचा साचा) हिशेब धरला होता आणि ती डाय दुसऱ्या मशीनवर लावलेली होती म्हणून ऑपरेटरनं व्ही १६ लावली. नंतर त्याच पत्र्याची पट्टी वाकवून बघितली तेव्हा खरं मायनस निघालं ३.७५. फरक ०.२७ चा, चार बेंडला १.०८. एकच दरवाजा वाकवला होता म्हणून वाचलो, बाकीचे एकोणचाळीस कडेनं ट्रिम करून नॉच (कोपऱ्यातले काप) परत मारावे लागले आणि त्यात अख्खा दिवस गेला. त्या दिवसापासून पट्टी वाकवल्याशिवाय ब्लँक कापायला द्यायचा नाही हे मी स्वतःला लावून घेतलंय, आणि ती पट्टी कशी वाकवायची, त्यातून आकडा कसा काढायचा आणि पुढे कुठे वापरायचा हे आज नीट लिहितो.

आधी बेंड डिडक्शन म्हणजे नेमकं काय ते बघू. १२० लांबीची पट्टी घ्या आणि मधोमध ९० ला वाकवा. आता दोन्ही पाय बाहेरून मोजा आणि बेरीज करा, १२० येणार नाही, १२३ च्या पुढे काहीतरी येईल. पत्रा वाढला असं आपण म्हणतो. खरं तर कोपऱ्यात पत्रा गोलाईनं वळतो आणि आपण मात्र मोजताना कोपरा टोकदार धरून दोन्ही बाजूंनी टोकापर्यंत मोजतो, म्हणजे कोपरा दोनदा मोजला जातो. हे जे जास्तीचं मोजलं जातं तेच बेंड डिडक्शन, शॉपवर आपण त्याला मायनस म्हणतो. बाहेरची सगळी मापं जोडायची आणि प्रत्येक बेंडला हे मायनस काढायचं की फ्लॅट मिळतो. एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, मायनस जास्त धरलं की ब्लँक लहान होतो आणि जॉब छोटा येतो, कमी धरलं की जॉब मोठा येतो. मोठा आलेला कधीकधी वाचतो, छोटा आलेला भंगारातच जातो, म्हणून शंका असेल तर मी पहिल्या पीसला थोडं कमीच धरतो.

फॉर्म्युला

पत्रा वाकताना आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते, मधे कुठेतरी एक रेघ अशी असते की ती ना ताणते ना दाबली जाते, ती न्यूट्रल लाइन. आतल्या पृष्ठभागापासून ती रेघ जाडीच्या किती हिश्श्यावर आहे तो के फॅक्टर. बरोबर मधे असती तर ०.५, पण वाकताना ती आतल्या बाजूला सरकते म्हणून साध्या कामात ०.३३ ते ०.४५ च्या मधे काहीतरी मिळतं.

बेंड अलाउन्स म्हणजे त्या रेघेची गोलाईतली लांबी. बेंडचा अंश × ०.०१७४५ × (आतली रेडियस + के × जाडी). सेटबॅक म्हणजे टोकदार कोपऱ्यापासून गोलाई सुरू होते तिथपर्यंतचं अंतर, अर्ध्या अंशाचा टॅन × (रेडियस + जाडी), ९० ला टॅन ४५ म्हणजे १ म्हणून नुसतं रेडियस अधिक जाडी. आणि बेंड डिडक्शन = २ × सेटबॅक − बेंड अलाउन्स. एवढंच आहे सगळं.

आता ९० च्या बेंडसाठी हेच सोडवून सोपं केलं तर असं होतं: मायनस = ०.४३ × रेडियस + (२ − १.५७ × के) × जाडी. के ०.४२ धरला तर कंसातला आकडा १.३४ येतो. हे मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय कारण यातून कशाचं वजन किती हे लगेच दिसतं. जाडीत ०.१ चा फरक पडला की मायनस ०.१३ नं हलतं. रेडियस अख्ख्या १ एमएमनं चुकली तरी ०.४३ च. के ०.०५ नं इकडेतिकडे झाला तर २ एमएम पत्र्यात ०.१६. लोक के फॅक्टरवर तासभर वाद घालतात आणि पत्र्याला मायक्रोमीटर लावत नाहीत, मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण पत्रा २.०० सांगून १.९० आला तर ती चूक के च्या चुकीइतकीच मोठी असते आणि ती सापडायला अर्धा मिनिट लागतो.

रेडियस कुठून येते, पंचातून की डायमधून

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. आपण बहुतेक काम एअर बेंडिंगनं करतो, म्हणजे पत्रा डायच्या दोन कडांवर आणि पंचच्या टोकावर असा तीन ठिकाणी टेकतो, तळाला लागत नाही. अशा वेळी आतली रेडियस व्हीच्या रुंदीवरून ठरते, पंचच्या टोकावर १ ची रेडियस आहे म्हणून जॉबला १ येत नाही. माइल्ड स्टीलला रेडियस साधारण व्हीच्या १६ टक्के धरा, मशीनवर चिकटवलेला जो टनाचा चार्ट असतो त्यातसुद्धा हेच आहे, व्ही १२ ला २, व्ही १६ ला २.६, व्ही २० ला ३.३. पंचचं टोक यापेक्षा मोठ्या गोलाईचं असेल तर मात्र पंचची रेडियस येते. आणि बॉटमिंग करत असाल, म्हणजे पत्रा डायच्या तळाला दाबून बसवत असाल, तर पंचचीच.

म्हणून माइल्ड स्टीलला ९० च्या एअर बेंडसाठी माझा पहिला अंदाज असा असतो: व्हीचा ७ टक्के + जाडी × १.३४. बघा करून. २ एमएम, व्ही १६: १.१२ + २.६८ = ३.८०. तोच पत्रा व्ही १२ वर: ०.८४ + २.६८ = ३.५२. १.६ एमएम व्ही १२: २.९८. १.२ एमएम व्ही १० वर २.३१. ३ एमएम व्ही २५ वर ५.७७. हे पट्टी वाकवायच्या आधीचे आकडे आहेत, कोटेशनला आणि पत्र्याचं नेस्टिंग करायला (शीटवर ब्लँक बसवायला) पुरतात, फायनल ब्लँकला पुरत नाहीत.

शॉपवर जुना नियम असा की आतली मापं जोडायची, म्हणजे बेंडमागे दोन जाडी मायनस. जाडीच्या आठपट व्ही असेल तर खरं मायनस जाडीच्या १.९ पटीच्या आसपास येतं, म्हणजे २ एमएमला दोन पॉइंटचा (०.२ एमएमचा) फरक, एका बेंडच्या ब्रॅकेटला कुणाच्या लक्षातही येत नाही. पण सहापट व्ही वापरली तर १.७५ पट येतं आणि तिथे बेंडमागे अर्धा एमएम जातो, सहा बेंडच्या जॉबला ३ एमएम. हा नियम वर्षानुवर्षं ज्यांनी वापरला त्यांचं काम अडलं नाही कारण त्यांची व्ही ठरलेली होती आणि सहसा टॉलरन्सही मोकळा होता. आज लेझरनं होल आधीच मारून येतात आणि दोन बेंडच्या पलीकडच्या होलात बोल्ट बसला पाहिजे, तिथे हा नियम चालत नाही.

व्ही बदलायला ऑपरेटरला कारणं असतात हेपण समजून घ्या. फ्लँज छोटी असेल तर पत्रा डायमधे घसरतो, बाहेरून मोजलेली कमीतकमी फ्लँज साधारण व्हीच्या ०.७ पट लागते, व्ही १६ ला ११ आणि व्ही १२ ला ८.५. म्हणजे १० ची फ्लँज आली की तो व्ही १२ वर जाणारच. उलट टन कमी पडले की मोठ्या व्हीवर जातो, २ एमएम माइल्ड स्टीलला व्ही १२ वर मीटरला साधारण २२ टन लागतात आणि व्ही १६ वर १७. त्यामुळे जॉबकार्डवर पत्रा, जाडी, ग्रेड यांच्याबरोबर व्हीचा आकडा लिहायलाच हवा. आमच्याकडे आता व्ही बदलायची तर ऑपरेटर आधी डिझाइनला विचारतो.

पत्रा मोजणं

गेज या शब्दापासून सावध राहा. आपल्याकडे गेज म्हणजे एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज), १४ गेज म्हणजे २.०३, १६ म्हणजे १.६३, १८ म्हणजे १.२२. अमेरिकन कस्टमरच्या ड्रॉइंगवर स्टील १४ गेज लिहिलं असेल तर ते १.९० असतं. एक्सपोर्टचं काम करणाऱ्यांनी गेज दिसला की एमएममधे लिहून कन्फर्म करूनच घ्यायचं.

मायक्रोमीटर पत्र्याच्या कडेला लावू नका, शिअरिंगची बर (कापताना उभी राहिलेली धार) असते आणि लेझरला खाली वितळलेला थेंब चिकटतो. ग्राइंडरनं किंवा फाइलनं कड साफ करा, १०-१५ एमएम आत मोजा, चार ठिकाणी मोजा. एसएसवर प्लास्टिक फिल्म असते ती सोलून मोजा, फिल्म दोन्ही बाजूला असली तर आकड्यात चांगलाच फरक पडतो. जीआय पत्र्याचं झिंकसकट मोजा, वाकणार आहे ते झिंकसकटच. लॉट बदलला की परत मोजा, एकाच सप्लायरकडचा असला तरी.

पट्टीची टेस्ट

हा लेखातला सगळ्यात कामाचा भाग, इथे घाई करू नका.

ज्या शीटमधून जॉब निघणार आहे त्याच शीटच्या उरलेल्या भागातून तीन पट्ट्या कापा, १२० लांब आणि १०० रुंद. १२० अशासाठी की वाकवल्यावर पाय साठच्या आसपास येतात आणि नेहमीच्या १५० च्या व्हर्नियरनं मोजता येतात. तिन्हीवर रोलिंगची दिशा मार्करनं बाण काढून लिहा, जॉबमधे बेंड ज्या दिशेनं येणार तीच दिशा पट्टीलाही हवी. जॉबमधे दोन्ही दिशांना बेंड असतील तर आणखी तीन पट्ट्या, त्या आडव्या. मग कडा साफ करून प्रत्येक पट्टीची लांबी मोजून पट्टीवरच लिहा. लेझरला १२० दिलं म्हणून १२० धरायचं नाही, लेझरच्या कर्फचं (कापाच्या रुंदीचं) सेटिंग हललं असेल तर एक-दोन पॉइंट तिथेच जातात आणि तुम्ही ते बेंडिंगच्या नावावर टाकता.

जी डाय आणि जो पंच जॉबला लागणार तोच लावा. पट्टी बेडच्या मधे लावून वाकवा, नंतर जॉब लांब असेल तर एक पट्टी टोकालाही वाकवून अंश बघा, जुन्या मशीनला लांब जॉबमधे मधला भाग थोडा उघडा राहतो. मधोमध म्हणजे अगदी ६० वर वाकली नाही तरी चालतं, दोन्ही पाय मोजून बेरीजच घ्यायची आहे.

अंश बेव्हल प्रोट्रॅक्टरनं बघा आणि ९० येईपर्यंत डेप्थ (पंच किती खाली जातो ते) जुळवा, एकदा वाकवून परत दाबलेली पट्टी टेस्टमधे धरू नका, डेप्थ जुळवायला वेगळे तुकडे वापरा आणि टेस्टच्या पट्ट्या एकाच दाबात वाकवा. २ एमएमला एका अंशाच्या चुकीनं मायनस साधारण ०.१ नं हलतं, शिवाय पाय मोजताना व्हर्नियर तिरका बसतो ते वेगळंच. अर्ध्या अंशाच्या आत आणा मग मोजा.

मोजताना व्हर्नियरचा एक जबडा एका पायाच्या बाहेरच्या सपाट बाजूला पूर्ण टेकवायचा आणि दुसरा दुसऱ्या पायाच्या कडेला. गोलाईवर टेकवायचा नाही. रुंदीत तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकं आणि मधे. तीनमधे फरक येत असेल तर पट्टी बॅकगेजला (मशीनमागे पत्रा टेकवायचा आधार) तिरकी लागली होती.

आमच्या दरवाज्याच्या पत्र्याचे आकडे देतो. जाडी १.९६, व्ही १६, पट्टी १२०.००, पाय ६१.९० आणि ६१.८५, बेरीज १२३.७५, म्हणून मायनस ३.७५. बाकी दोन पट्ट्यांना ३.७२ आणि ३.७८ आलं, सरासरी ३.७५ धरली. तिन्हीत ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर सरासरी काढू नका, कुठेतरी चूक आहे ती शोधा, बहुतेक वेळा बर किंवा अंश निघतो. आणि अंदाजाचा फॉर्म्युला १.९६ वर लावला तर १.१२ + २.६३ = ३.७५. इतकं तंतोतंत नेहमी जुळत नाही, ०.१ मधे आलं तरी मी समाधानी असतो.

के मागे काढताना काळजी

९० चेच बेंड असतील तर वरचा ३.७५ सरळ वापरा, सॉलिडवर्क्समधे के ऐवजी बेंड डिडक्शन टाकायचा पर्याय आहे तिथे हाच आकडा टाकून मोकळे व्हा. पण जॉबमधे वेगवेगळे अंश असतील तर के आणि रेडियस लागतात.

रेडियस गेज लावून आतली रेडियस बघा, समजा २.५ आली. सेटबॅक २.५ + १.९६ = ४.४६, दुप्पट ८.९२, त्यातून ३.७५ गेले, अलाउन्स ५.१७. याला १.५७०८ नं भागलं की ३.२९, त्यातून २.५ वजा ०.७९, भागिले १.९६ म्हणजे के ०.४०.

आता समजा गेज न लावता कुणी रेडियस २.० लिहिली. तोच हिशेब केला की के येतो ०.३३. दोन्ही जोड्यांतून ९० ला ३.७५ च मिळतं! म्हणून वर्षभर काहीच कळत नाही, आणि मग एक दिवस १३५ अंश वाकवायचा जॉब येतो, म्हणजे आतला कोन ४५ चा. टोकदार कोपऱ्यापर्यंत मोजलं तर पहिल्या जोडीनं मायनस १३.७८ आणि दुसरीनं १२.८७. एका बेंडला ०.९ चा फरक. त्यामुळे नुसता के कुणाला सांगू नका आणि कुणाकडून नुसता घेऊ नका, के नेहमी त्याच्या रेडियसबरोबर जोडीनं लिहायचा.

कॅडमधे जो के आपोआप पडलेला असतो तोही असाच, सॉलिडवर्क्समधे बऱ्याच जणांकडे ०.५ राहिलेला दिसतो, इन्व्हेंटर आणि फ्यूजनमधे ०.४४. कुणी ०.५ तसाच ठेवून दिसायला छान म्हणून रेडियस १ टाकली तर २ एमएमला मायनस येतं २.८६, खऱ्यापेक्षा ०.९ कमी. जर्मन कस्टमर असेल तर त्याच्याकडे डीआयएन ६९३५ चा हिशेब असू शकतो, त्यात के रेडियस आणि जाडीच्या गुणोत्तरावरून निघतो, २ एमएम आणि २.५६ रेडियसला ०.३५ येतो आणि मायनस ३.९९. त्याचा फ्लॅट डीएक्सएफ (सपाट ब्लँकची कटिंग फाइल) तसाच कापू नका, थ्रीडी मॉडेल मागवून आपल्या पट्टीच्या आकड्यानं उलगडा.

अंशाच्या बाबतीत अजून एक. फॉर्म्युल्यातला अंश म्हणजे पत्रा सपाटीपासून किती वळला तो. ड्रॉइंगवर बहुतेक वेळा आतला कोन दिलेला असतो. १२० चा आतला कोन म्हणजे बेंड ६० चा. वरच्याच पत्र्याला ६० ला मायनस १.७० येतं आणि चुकून १२० टाकलं तर ८.५६, जवळपास ७ एमएमची चूक, ९० ला दोन्ही सारखेच असल्यामुळे ही चूक नव्या पोरांकडून हमखास होते. आणि ९० पेक्षा जास्त वळलेल्या बेंडला डिझाइनवाल्यानं माप हवेतल्या टोकदार कोपऱ्यापर्यंत दिलंय की गोलाईच्या बाहेरच्या फुगवट्यापर्यंत, हे विचारून घ्या, व्हर्नियरनं फक्त दुसरं मोजता येतं. फुगवट्यापर्यंत असेल तर सेटबॅक नुसता रेडियस अधिक जाडी धरायचा.

ब्लँक आणि बॅकगेज

ट्रेचं उदाहरण घेऊ, बाहेरून ४०० बाय ३००, उंची ४०, मायनस ३.७५. लांबी ४० + ४०० + ४० − ७.५ = ४७२.५, रुंदी ४० + ३०० + ४० − ७.५ = ३७२.५. बेंड लाइन कडेपासून ४० वजा अर्धं मायनस, म्हणजे ३८.१२५ वर.

कोपऱ्याचा नॉच किती? बरेच जण बेंड लाइनपर्यंतच म्हणजे ३८.१२५ मारतात. त्यात दोन्ही फ्लँजची टोकं एकमेकींच्या आतल्या कडेच्या ०.१ पुढे जातात, आतल्या कोपऱ्यात भिडतात आणि शेवटचा बेंड ९० ला बसत नाही, ऑपरेटर जास्त दाबतो आणि कोपरा फुगतो. मी ३८.५ घेतो, आत पाव एमएमची फट राहते, बाहेरून कोपरा उघडा राहतो आणि वेल्डिंगवाल्याला मटेरियल भरायला छान जागा मिळते.

बॅकगेजला दोन प्रकारचे कंट्रोलर भेटतात. साध्या मशीनवर बॅकगेजचं बोट (पत्रा टेकतो तो आधार) पंचच्या सेंटरपासून मोजतं, तिथे ३८.१२५ टाका. डेलेम किंवा सायबेलेकसारख्या सीएनसी कंट्रोलरवर प्रोग्रॅम करताना फ्लँजचं बाहेरचं माप ४० विचारलं जातं आणि मायनस तो स्वतः धरतो, तिथे ३८.१२५ टाकलं तर दोनदा मायनस होतं आणि फ्लँज जवळपास २ एमएम छोटी येते. मशीन नवीन असेल तर एक तुकडा वाकवून मशीन काय धरतंय ते बघाच, आणि कंट्रोलरच्या टेबलमधे आपल्या पट्टीचा आकडा भरा, म्हणजे डिझाइन आणि मशीन एकाच आकड्यावर राहतील.

आणि चूक कुठे जाऊन साठते ते ठरवता येतं हे फार थोडे लोक वापरतात. प्रत्येक फ्लँज तिच्याच कडेवरून गेज केली तर फ्लँज बरोबर येतात आणि सगळ्या बेंडची चूक मधल्या मापात जाते, आमच्या दरवाज्याला हेच झालं. उलट दुसरा बेंड पहिल्या वाकलेल्या फ्लँजच्या बाहेरच्या फेसवरून गेज केला तर मधलं माप बरोबर येतं आणि चूक शेवटच्या फ्लँजमधे जाते. ड्रॉइंगवर ज्या मापाला टॉलरन्स घट्ट आहे ते माप सरळ गेजवरून आलं पाहिजे असा बेंडचा क्रम लावा. दरवाज्याला रुंदी महत्त्वाची, रिटर्न १२ चं ११.५ झालं तरी गॅस्केट बसतो.

पावडर कोटिंगचाही हिशेब धरा, ६० ते ८० मायक्रॉन एका बाजूला, म्हणजे बाहेरच्या मापात दोन्हीकडून मिळून दीड पॉइंट. एकात एक बसणाऱ्या ट्रेला हे जाणवतं.

एसएस, अ‍ॅल्युमिनियम आणि जाड पत्रा

एसएस ३०४ ला त्याच व्हीवर रेडियस मोठी येते, व्हीच्या २० ते २२ टक्के, म्हणून अंदाजाला ७ टक्क्यांऐवजी ९ टक्के घ्या. २ एमएम व्ही १६ ला ४.१ च्या आसपास, म्हणजे माइल्ड स्टीलपेक्षा तीन पॉइंट जास्त. एमएसचा (माइल्ड स्टीलचा) डीएक्सएफ तसाच एसएसला वापरला की किचन इक्विपमेंटच्या कामात जो गोंधळ होतो तो यामुळेच. एसएस परत उघडतोही जास्त, एमएसला एक अंश जास्त दाबावं लागत असेल तर ३०४ ला दोन-तीन धरा. मऊ अ‍ॅल्युमिनियम, ५०५२ वगैरे, रेडियस व्हीच्या १३ ते १५ टक्के, अंदाजाला ६ टक्के चालतं. ६०६१ टी६ मात्र छोट्या रेडियसवर तडकतो, त्याला मोठी व्ही आणि मोठा पंच घ्या आणि पट्टीशिवाय हात लावू नका.

एचआर (हॉट रोल्ड) पत्र्याची जाडी सीआरपेक्षा (कोल्ड रोल्डपेक्षा) जास्त हलते आणि वर स्केल (ऑक्साइडचा थर) असते, त्यामुळे ५-६ एमएमच्या पुढे एका शीटच्या पट्टीचा आकडा दुसऱ्या शीटला लावताना परत मायक्रोमीटर लावा. १० एमएमच्या पुढे व्ही जाडीच्या दहापट घ्यायला लागते म्हणून रेडियसही वाढते. रोलिंगच्या दिशेला समांतर बेंड आला तर बाहेरून तडा जायची शक्यता जास्त, शक्य तिथे नेस्टिंगमधेच ब्लँक फिरवा.

पूर्ण दाबलेल्या हेमला (दुमडून चपटी केलेली कड) यातलं काहीच लावू नका. तिथे गोलाई उरत नाही, पट्टी घ्या, हेम करा, आधीची लांबी आणि नंतरची लांबी मोजा, तोच आकडा.

डायरी

पट्टीचा आकडा निघाला की तो लिहून ठेवायचा. माझ्याकडे एका ओळीत तारीख, मटेरियल आणि ग्रेड, मोजलेली जाडी, व्ही, पंचची रेडियस, रोलिंगची दिशा, मोजलेली आतली रेडियस, मायनस आणि के असतं. पट्टीवरसुद्धा मार्करनं हेच लिहून ती तारेत ओवून मशीनच्या बाजूला टांगतो, कुणाला शंका आली तर पट्टी काढून परत मोजता येते. सहा महिन्यांत नेहमीच्या जाड्या आणि व्हींच्या जोड्या भरून होतात, मग नवीन जॉबला डायरीतला आकडा घेऊन पत्र्याला मायक्रोमीटर लावायचा, जाडी ०.०५ च्या आत असली तर तोच आकडा वापरायचा, त्यापेक्षा जास्त हलली असली तर जाडीच्या फरकाच्या १.३४ पट मायनसमधे वाढवायचं किंवा कमी करायचं. डाय घासून कडा गोल झाल्या किंवा नवीन डाय आली की तिच्या सगळ्या ओळी खोडून पट्टी परत वाकवायची.